भेदरांची खालची पाने

२४ सप्टेंबर १९६४, गुरुवार

भेदरांच्या खालच्या पानांना पिवळेपणा आला आहे. विहिरीकडच्या पहिल्या सरीत आहे आणि दुसरीतही थोडा आहे. काल संध्याकाळी वाटले की उजेडामुळे तसे दिसत असावे. आज सकाळी तोंड धुण्याआधी जाऊन पाहिले. पिवळीच आहेत. शिरा हिरव्या आणि मधला भाग हळदीच्या डागासारखा.

रोपे लावून फार दिवस झाले नाहीत. ग्रामसेवकांनी बी दिले तेव्हा कागदावर टोमॅटो असे लिहून दिले होते. मायला तो शब्द येत नाही, ती भेदरं म्हणते, आणि मीही घरात तेच म्हणतो. घरामागचा तुकडा आमचा, विहीर आमची. विहीर गेल्या उन्हाळ्यात बाबा, माय आणि मी अशा तिघांनी खणली. पाणी गोड लागले. मोट हाकायला आमच्याकडे बैल नाहीत, ते शेजारच्या मळ्यातल्या पंजाबरावांचे. दर सोमवारी त्यांची जोडी आणून मी सगळ्या सऱ्यांना पाणी देतो. त्याच्या बदल्यात बाकीचे दिवस त्यांच्या पऱ्हाटीत राबतो. कापसाचे ते वावर नाल्यापलीकडे आहे. सकाळी जातो, भाकर तिथेच खातो, दिवस बुडता परत येतो.

शेषरावमामांनी माझ्यासाठी अकोल्याला कापसाच्या जिनात काम बोलून ठेवले आहे. रुईच्या गाठींवर नंबर आणि नाव घालायचे. माझे अक्षर चांगले आहे म्हणून. मी नववीत शाळा सोडली तरी अक्षर सोडले नाही, असे मामा सगळ्यांना सांगतात. दिवाळी झाली की ते इकडे येणार. भेदरे बरी दिसली तर मी राहायचे, नाहीतर त्यांच्याबरोबर जायचे, असे ठरले आहे. बाबांनी मान हलवली. बाबांनी त्याच जिनात वीस वर्षे काढली. रात्री ते खोकतात तेव्हा मी जागाच असतो.

मला जिनात जायचे नाही. हे मी फक्त इथे लिहितो.

२७ सप्टेंबर

पिवळी पाने खुडली आणि कुंपणापाशी खड्डा करून पुरली. कोणाला दिसू नयेत म्हणून. बाबा मागच्या ओट्यावर बसले होते. ते दिवसभर तिथेच बसतात, आत त्यांना श्वास पुरत नाही. त्यांनी मला खड्डा बुजवताना पाहिले असणार. 

विहिरीचा दोर झिजला आहे. नवा आणून महिना झाला नाही. दोरवाल्याने जुन्या वाखाचा दिला असावा. पुढच्या बाजाराला त्याला विचारीन. लोक साध्या गोष्टीत फसवतात.

३० सप्टेंबर

पंजाबराव बांधावर आले होते. मी पाने दाखवली. त्यांनी वाकून पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, खालची पानं पडतेच लेका, मानसाचे दात पडत नाही काय. मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसाचे पडतात, ही झाडे अजून लहान आहेत. ते हसले आणि म्हणाले की नववी शिकलेल्याशी बोलायचे म्हणजे दमछाकच आहे.

बाबा त्यांना अजून मालक म्हणतात. मी पंजाबरावजी म्हणतो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा तो शब्द जड गेला होता. आता जात नाही. फारसा नाही.

४ ऑक्टोबर

आज पंजाबरावांकडे काम नव्हते. दिवसभर झाडांपाशी बसून होतो. भर दुपारी पहिल्या दोन सऱ्यांतली झाडे माना टाकतात. उन्हाने म्हणावे तर कुंपणाकडच्या सऱ्यांवरही तेच ऊन आहे, आणि त्या ताठ उभ्या आहेत.

माय दुपारी दोनदा मागे येऊन गेली. उभी राहून झाडांकडे बघत होती. मी म्हणालो, काही काम आहे का. ती म्हणाली, नाही, सहज. मग म्हणाली, तू आज जेवून झोपत कावून नाही? थकला असशीन. मी थकलो होतो, पण झोपलो नाही. ती घरात गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली.

८ ऑक्टोबर

ग्रामसेवक सायकलने आले. त्यांनी पान उजेडात धरले, उलटे केले, वास घेतला. म्हणाले, करपा दिसतो. मोरचूद आणि चुना पाण्यात मिसळून फवारा. त्यांनी पाण्याचेही विचारले. मी आठवड्यातून एकदा, दर सोमवारी, असे सांगितले. ते म्हणाले, बरोबर आहे, काळ्या मातीला त्यापेक्षा जास्त नको, ती पाणी धरून ठेवते. तुम्ही नीट ऐकता, सगळे असे ऐकत नाहीत.

त्या बोलण्याने मला बरे वाटले. पण नीट ऐकूनही पाने पिवळी का पडावीत, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते. ते सायकलवर बसल्यावर मला सुचले.

११ ऑक्टोबर

मोरचूद फवारले. मातीच्या मडक्यात कालवले, लोखंडात कालवू नये असे सांगितले होते. पाणी मायने काढून दिले. मी दोन बादल्या म्हणालो होतो, तिने चार काढून ठेवल्या. उरले तर काय होते, म्हणाली. घरातला रांजण काठोकाठ, हंडे भरलेले, न्हाणीतले टाके भरलेले. एवढ्या पाण्याचे काय करायचे, असे मी विचारले तर ती नुसती हसली.

मोरचुदाचे पाणी मी उंचावरून ओतत होतो. माय म्हणाली, खालून वत, अंगावर उडते. पार्वताबाई वतायची तसं नको वतू. पार्वताबाई म्हणजे पंजाबरावांची बायको. आमची विहीर नव्हती तेव्हा माय त्यांच्या विहिरीच्या वट्ट्याखाली घागर घेऊन बसे, आणि पार्वताबाई वरून पाणी ओतत. अर्धे घागरीत, अर्धे डोक्यावर. त्यांचा हात दुखत असला किंवा त्या विसरल्या तर दिवस कलेपर्यंत बसायचे. आपण हात लावायचा नाही. माय हे सगळे हसतच सांगत होती. पार्वताबाईंसारखा ओठ मुडपून तिने करूनही दाखवले. बाबाही ओट्यावर हसले आणि मग त्यांना खोकला आला.

मी प्रमाण चुकू नये म्हणून मडक्याकडे लक्ष ठेवून होतो. मायच्या तळहातांवर लाल वळ आहेत. दोर खरखरीत आहे. दोरवाल्याशी बोलायचे अजून राहिलेच.

१५ ऑक्टोबर

दसरा. गावातली आपली बहुतेक माणसे नागपूरला गेली. दीक्षा झाल्यापासून मायने एकही साल चुकवले नव्हते. या वर्षी गेली नाही. म्हणाली, गर्दी सोसत नाही आता, अन् घर कोन पाहीन. घर पाहायला बाबा होतेच. मी तसे म्हणालो. ती म्हणाली, तुह्या बाबाले घर काय दिसते, त्याइले बसल्या जागी झोप लागते.

मोरचुदाने काही फरक नाही. पाने निळसर पांढरी झाली आणि त्याखाली पिवळी. आता तिसऱ्या सरीतही आहे. कुंपणाकडच्या सऱ्या मात्र हिरव्यागार आहेत. म्हणजे रोग विहिरीकडून येतो आहे. विहिरीच्या पाण्यात काही असेल का? ओंजळभर पिऊन पाहिले. गोडच आहे. पुन्हा प्यालो. गोडच.

२० ऑक्टोबर

काल सोमवार असूनही मोट हाकली नाही. पंजाबरावांना सांगितले की या आठवड्यात पाणी नको. झाडे कोरडी पडू देऊन बघायचे ठरवले आहे. बैलांचा विषय निघाल्यावर ते नुसते बरं म्हणाले.

रात्री नीट झोप नाही. पाठ दुखते.

२३ ऑक्टोबर

बोट खुपसून पाहिले. पहिल्या तीन सऱ्यांत माती ओली. पाणी देऊन अकरा दिवस झाले, तरी बोटाला चिकटते. कुंपणाकडे भेगा पडायला लागल्या आहेत. एकाच वावरात असे कसे?

पंजाबरावांना पऱ्हाटीत भेटलो तेव्हा सांगितले. मी पाणी दिले नाही तरी ओल आहे, असे म्हणालो. ते तंबाखू चोळत होते. म्हणाले, मंग तुह्या वावरात देव मुतते काय? सोबतची माणसे हसली. मीही हसल्यासारखे केले.

पण नंतर तण काढता काढता माझ्या डोक्यात आले की पंजाबरावांच्या मळ्याचा पाट आमच्या बांधाला लागूनच जातो, आणि तोही विहिरीच्या बाजूने. पाट फुटला असेल तर पाणी आधी पहिल्या सरीत येणार. मग दुसरीत. किंवा कोणी फोडला असेल.

हे कोणाला सांगण्यासारखे नाही. तरी लिहून ठेवतो.

२५ ऑक्टोबर

काय बोलायचे ते आधी मनात जुळवले होते. चार वाक्ये होती. त्यांतली दोनच बोलून झाली.

पंजाबराव मळ्यात चारा तोडत होते. मी म्हणालो, पंजाबरावजी, तुमच्या पाटाचे पाणी आमच्या भेदरांत येते आहे. ते तसेच उभे राहिले. मी म्हणालो, ते चुकून येत असेल तर तसे सांगा.

त्यांनी विळा खाली ठेवला. म्हणाले, "चुकून येत असन त? अन् चुकून नसन येत त काय म्हनशीन तू?"

त्यांनी पाटाकडे हात केला.

"माहा एक बैल दसऱ्यापासून पायानं अधू हाय. मोट उभी हाय माही. पाट वाळून पापड झाला. जाय, हात लावून पाह्य. तू पऱ्हाटीत राहतं, तुले मळ्यातलं काय ठाव?"

मी जाऊन हात लावला नाही. लाज वाटली. ते म्हणाले, उद्यापासून पऱ्हाटीत येऊ नको, बैल सुधरला तरी मागायला येऊ नको. मग मी वळलो तेव्हा मागून म्हणाले की तुझ्या बापाने मला कधी असे विचारले नसते. ते रागाने म्हणाले की आणखी कशाने, हे मला कळले नाही. मी रस्ताभर त्याचाच विचार करत होतो.

बाबांना सांगावेच लागले. त्यांचा चेहरा उतरला. मालकाले कावून विचारलं, एवढेच म्हणाले. मग म्हणाले, पाट सुका आहे, मला इथून दिसतो. मी म्हणालो, मग आधी सांगायचे. ते म्हणाले, तू मले कुठं विचारलं.

२६ ऑक्टोबर

सकाळी निघालो. नांदगाव पेठेला ग्रामसेवकांना भेटून येतो, असे घरी सांगितले. ते तिथे नव्हते, दौऱ्यावर होते. थांबण्यात अर्थ नव्हता. दुपारीच परत आलो. कुंपणाकडून आत शिरलो, पळसाच्या बाजूने.

माय विहिरीवर होती.

तिने दोर सोडला, पाणी ओढले, घागर भरली आणि कमरेवर घेऊन पहिल्या सरीत आली. झाडापाशी बसली. घागर अगदी जमिनीला टेकवून, पान भिजू न देता, मुळाशी हळू पाणी सोडले. मग थोडी सरकून दुसऱ्या झाडापाशी. काहीतरी पुटपुटत होती, मला ऐकू आले नाही. घागर संपली की पुन्हा विहिरीवर. तिचा पदर कमरेपर्यंत ओला होता. घाई नव्हती तिला. घरकाम करताना ती इतकी सावकाश कधीच नसते.

बाबा ओट्यावर बसून बघत होते.

तिसऱ्या सरीपर्यंत गेली आणि तिथे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दमली असावी. तिच्याने त्यापुढे घागर नेववत नसेल.

मी आलो तसा बाहेर गेलो. नाल्यावर बसून राहिलो. दिवस बुडाल्यावर घरी आलो. ग्रामसेवक भेटले का, असे तिने विचारले. मी नाही म्हणालो. तिने तांब्याभर पाणी दिले.

२८ ऑक्टोबर

काही बोललो नाही. कालही नाही.

दोन्ही दिवस मुद्दाम बाहेर राहिलो. संध्याकाळी माती ओली. पहिल्या सरीतली दोन झाडे मुळाशी काळी पडून आडवी झाली. उपटली तर मुळांना नासका वास येतो. दिवाळी पुढच्या आठवड्यात. मामा येतील.

मायला फक्त एवढे सांगायचे आहे की पाणी देऊ नको. पाच-सहा शब्द आहेत. मी ते पुन्हा पुन्हा मनात जुळवतो आणि घरात गेलो की ती काहीतरी वाढत असते.

२९ ऑक्टोबर

बाबांना विचारले. माय वस्तीतल्या सत्यवतीबाईंकडे निरोप द्यायला गेली होती. म्हणून विचारता आले.

मी म्हणालो, तुम्हाला ठाऊक होते. ते हो म्हणाले. मी म्हणालो, झाडे मरताहेत आणि तुम्ही बसून बघता. मला अकोल्याला जावे लागेल. तुम्हाला मी जिनात जायला हवा आहे का?

त्यांनी मान हलवली. नको अशी. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा ते सांगितले. मग म्हणाले,

"तू सांग तिले. मी नाही सांगत. वट्ट्याखाली बसलेली मी लई वर्सं पाह्यली तिले."

मग खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळली. पाठ नुसती हाडांची आहे.

३१ ऑक्टोबर

सांगितले.

ती चुलीपुढे भाकर थापत होती. मी उंबऱ्यात उभा राहून म्हणालो की झाडांना पाणी जास्त होते आहे, त्याने पाने पिवळी पडतात. ती म्हणाली, कोनाचं पानी? मी म्हणालो, तुहं.

भाकर तव्यावर टाकून तिने हात पुसले. म्हणाली, थे दुपारी माना टाकते, मले वाटलं तहानले. मी समजावले. मुळे पाण्यात बुडाली की त्यांना श्वास घेता येत नाही, मग वर पाणी चढत नाही, म्हणून झाड तहानल्यासारखे दिसते. हे सगळे मी बरोबर सांगितले. ग्रामसेवकांनी सांगितले असते तसेच. ती ऐकत होती. मग म्हणाली,

"जास्त पान्यानं मरते? आपल्यात त अजून कोनी मेलं नाही जास्त पान्यानं."

भाकर करपली. तिने ती उलटली नाही. मीच पुढे होऊन उलटली, बोट भाजले.

 जेवताना बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही.

२ नोव्हेंबर

माती सुकते आहे. रोज पाहतो.

पंजाबरावांकडे जाऊन आलो. म्हणालो, माझी चूक झाली, पाणी आमच्याच घरातून जात होते. कोणी दिले ते सांगितले नाही. ते म्हणाले, मला ठाऊक आहे. त्यांच्या मळ्यातून आमची विहीर सरळ दिसते. रोज दुपारी बघत होते म्हणे. मग त्या दिवशी सांगितले का नाही, असे मी विचारणार होतो, पण त्याआधीच ते म्हणाले, मायचं मायलेच विचारावं मानसानं, दुसऱ्यानं कावून सांगावं. पार्वताबाई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

बैल सुधारला आहे. पुढच्या सोमवारी घेऊन जा, म्हणाले. पऱ्हाटीची वेचणीही सुरू झाली आहे, तिलाही ये म्हणाले.

 भांडण मिटले म्हणून परत येताना हलके वाटायला हवे होते.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पंजाबरावांच्या घरी दिवे होते. आपल्याकडे आता दिवे बुद्धपौर्णिमेला लावतात. घरी साधेच जेवण झाले.

झाडे उभी राहिली आहेत. दुपारी माना टाकत नाहीत. शेंड्याला नवी पाने फुटली, गडद हिरवी. खालची पिवळी पाने मात्र पिवळीच आहेत, ती आता हिरवी होणार नाहीत. मी खुडलीही नाहीत. खुडायला जातो आणि राहून जाते.

माय विहिरीवर जात नाही. मुळीच जात नाही. प्यायचे पाणी मी काढतो. रांजण अर्धा असतो. मी तिला म्हणालो, घरचे पाणी तू काढ, झाडांना देऊ नको एवढेच म्हणालो होतो. ती म्हणाली, तू काढतं नं, मंग झालं. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला काही बोलता आले असते. दुपारी ती बाबांच्या शेजारी ओट्यावर बसते आणि डाळ निवडते. डाळ निवडून झाली की तीच पुन्हा निवडते.

तळहातांवरचे वळ गेले.

आज मला पुन्हा पुन्हा असे वाटले की मी बरोबर केले. तरी पुन्हा पुन्हा वाटावेच का लागते?

९ नोव्हेंबर

मामा सकाळच्या मोटारीने आले. धोतर पांढरेशुभ्र आणि कानाच्या पाळीवर रुईचा एक तंतू. जिन परवाच सुरू झाले म्हणे. माझी जागा त्यांनी दोन दिवस अडवून ठेवली आहे.

चहा न घेताच मागे आले. बाबा, मी आणि माय त्यांच्यामागे. पहिल्या सरीपाशी उभे राहून त्यांनी खाली पाहिले. पिवळी पाने तिथेच लोंबत होती, काही गळून मातीला चिकटली होती. मेलेल्या झाडांच्या जागा रिकाम्या. मी नव्या शेंड्यांचे सांगायला लागलो, कोणत्या दिवशी फुटले, कुठल्या सरीत किती, आणि बोलता बोलता मलाच कळले की मी जास्त बोलतो आहे. मामांनी ऐकून घेतले. ते चांगले आहेत. मग म्हणाले,

"देवमन, मले झाडातलं समजत नाही. पन पिवळं मले दिसते."

बाबा खाली बघत होते. मामा मायकडे वळले. ते तिला बाई म्हणतात, ती त्यांची मोठी बहीण. म्हणाले, बाई, तू सांग. घेऊन जाऊ याले? तू म्हनशीन तसं.

नऊ दिवस जिने या झाडांकडे पाहिले नव्हते तिला हे विचारले. मी मनात सामान बांधायला लागलो. दोन सदरे, ही वही, टाक.

माय पुढे झाली. वाकली आणि पहिल्या झाडाचे एक पिवळे पान बोटाने वर उचलून मामांना दाखवले.

"हे पिवळं माह्या पान्यानं झालं. यानं नाही केलं." मग बोट शेंड्यावर नेले. "हे यानं केलं. तू आता चहा पे अन् मोटार पकड. थो कुठं येत नाही."

मामा म्हणाले, अवं पन बाई, जागा. ती म्हणाली, त्या जाग्यानं माहा एक मानूस खाल्ला. आणि बाबांकडे बोट दाखवले, ते समोर उभे असताना. बाबा म्हणाले, अजून आहे मी. माय म्हणाली, हाव, दिसून राहिलं किती हायेत तुमी. मामा हसले. मग बाबाही. कोणीतरी हसायला सुरुवात करावी अशी सगळ्यांना गरज होती असे वाटते.

चहा झाल्यावर मामांनी प्यायला पाणी मागितले. रांजणात तळाशी होते, मी सकाळी भरले नव्हते. मी उठेपर्यंत माय उठली होती. मागे गेली. गडगड्याचा आवाज आला. ती घागर भरून घेऊन आली, मामांना तांब्याभर दिले, बाबांना दिले, मला दिले. घागर अर्ध्याहून जास्त भरलेलीच होती. रांजण तिथेच होता, पण ती घागर कमरेवर घेऊन पुन्हा मागे गेली. मी पाठोपाठ गेलो.

ती सऱ्यांच्या तोंडाशी उभी होती. घागर कमरेवर तशीच. कुठे जावे ते तिला सुचत नसावे.

मी म्हणालो, त्या शेवटच्या झाडाले दे, आज चालते.

सोमवार होता खरा, पण मोट दुपारी हाकायचीच होती आणि त्या झाडाला वेगळे पाणी नको होते. तिने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "लबाड बोलू नको."

मग तिने चपला काढल्या आणि ती सगळी घागर आपल्याच पायांवर ओतली. हळू, एका पायावर, मग दुसऱ्यावर. बोटांमधून माती निघून गेली. पाय स्वच्छ झाले तरी ओततच राहिली, घागर संपेपर्यंत. मग विहिरीवर गेली आणि पुन्हा दोर सोडला.

पाणी पहिल्या सरीपर्यंत गेले नाही. मी वाकून पाहिले.